काकांचे आजार

लकव्याला डायलॉग नाही, हे काकांचं ठाम मत होतं. "सायटिका बरी," ते सांगायचे. "तिच्यात वरडायला तरी मिळतं." मानेच्या दुखण्यात चेहऱ्याला काम नाही. गुडघेदुखी काय, कुणीही करतं. आणि कंपवात, म्हणजे हात थरथरतात तो आजार, मेहनतीचा फार; पण मागे बसलेल्या माणसाला दिसत नाही. आजारांकडे असं पाहणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि आता तर मी दिवसभर आजारी माणसांतच असते.

काका म्हणजे आमचे घरमालक. मुरबाडजवळच्या कॉलेजात मी फिजिओथेरपीच्या डिग्रीला होते, तेव्हाचे. माझं गाव डोळखांबच्या पलीकडचा एक पाडा. तिथून शहापूरला यायलाच अर्धी सकाळ जाते, मग रोजचं मुरबाड कुठलं! म्हणून मी आणि जुन्नरकडची सायली अशा दोघींनी माळशेजच्या रस्त्याला असलेल्या काकांच्या घराच्या मागच्या खोल्या घेतल्या. काका मूळचे वैशाखऱ्याचे. जन्मभर एसटी चालवलेली, तीही बहुतेक घाटातच. निवृत्त झाल्यावर मुरबाडला घर बांधलं. सगळं मुरबाड त्यांना 'डायवर' म्हणायचं. "माझ्या कमरेत अख्खा माळशेज हाय," असं ते कुणालाही, न विचारता सांगत.

खोली बघायला गेलो त्या दिवशी ते ओट्यावर बनियनवर बसले होते.

"काय शिकता गो?"

"फिजिओथेरपी," मी म्हणाले आणि मान खाली घातली. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. माझ्या मामापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचा तो विचारून झाला होता: म्हणजे मालिश का? घरच्यांना मी डॉक्टर व्हायला हवी होते. मार्क थोडे कमी पडले आणि हे मिळालं. पाड्यावर कुणी विचारलं तर बाबा "डॉक्टरीचंच कायतरी शिकते" म्हणून भाताच्या रोपाकडे विषय वळवत.

काकांनी तो प्रश्न विचारलाच नाही. ते म्हणाले, "म्हंजे नेमकं काय करता?"

"माणसाला लकवा झाला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तर त्याला परत उभं करायचं. चालायला शिकवायचं. हाताला पुन्हा काम शिकवायचं."

"आणि औषध?"

"औषध नाही. व्यायाम, आणि आपले हात."

काका उठून उभे राहिले. नस दबते म्हणजे कुठं दबते, पाय झोपतो म्हणजे खरंच झोपतो का, क्लच दाबून दाबून डावा गुडघाच का जातो, असं विचारत विचारत त्यांनी आमचा चहा थंड केला. शेवटी अटी सांगितल्या. पाणी जपून वापरायचं. गेट ओढून घ्यायचं. आणि तिसरी अट, बोट वर करून: "अभ्यासाला बॉडी लागली तर मला सांगायचं. बाहेरून आणायची नाय."

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "झालं," काकी बोलल्या. "आता ह्यांचं काय खरं नाय."

काकांना नाटकाचं वेड होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तरुणपणी वैशाखऱ्याला जत्रेच्या नाटकात ते दरवर्षी असायचे. पण पुढचे दोन दात बाहेर, त्यामुळे नायकाचं काम कधी मिळालं नाही. म्हातारा, दारुडा, आंधळा, फार तर पोलीसपाटील. पुढे नोकरीत घाट आणि वळणंच वाट्याला आली आणि नाटक राहून गेलं. एवढ्या वर्षांनी त्यांच्या घरात दोन पोरी आल्या होत्या, ज्यांना रोज एक आजारी माणूस हवा होता.

संध्याकाळचा चहा झाला की काका ओट्यावर येऊन विचारायचे, "आज काय होऊ?"

आम्ही अभ्यासात जो धडा असेल तो सांगायचो. पाऊल लुळं पडलेल्या माणसाची चाल सांगितली की ते विचारायचे, "पाऊल लोंबतं म्हंजे किती? पाण्यातून चालल्यासारखा पाय उचलायचा का?" आणि अंगणात तसे चालून दाखवायचे, पाय उंच उचलून, पाऊल फटकन खाली टाकत. कंपवाताला अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासतात, गोळी वळल्यासारखी. काकांनी ती हालचाल काकींच्या पिठाच्या डब्याशेजारी बसून घोटली. मग आम्ही त्यांना तपासायचो, प्रश्न विचारायचो, हात-पाय वळवून बघायचो. कुठे चुकलो तर शेरा मिळायचा. सायलीला ते म्हणायचे, "तू इचारतेस पोलिसावानी. मी चोरी केलीय का?" माझ्याबद्दल तक्रार वेगळी होती. "तुझे हात गार. आधी चोळ, मंग लाव. माणूस दचकला का दुखणं लपवतो."

काका स्वतः मात्र चुकत. काल उजवीकडे असलेली सायटिका आज डावीकडे जायची. ते कण्हायला लागले की स्वयंपाकघरातून काकी फक्त एवढंच बोलायच्या, "काल दुसरा पाय हुता." काका कण्हणं न थांबवता पाय बदलायचे.

अंगणापुरतं हे असतं तर ठीक होतं. पण काका तालीम करत बाजारात जायचे. नाक्यावरून भाजी आणायला निघाले तर जाताना कंपवात आणि येताना घोट्याची दुखापत. डेपोतले जुने सोबती पहिल्यांदा घाबरले. एकाने तर धावत जाऊन रिक्षा आणली. मग सगळ्यांना सवय झाली. चहाच्या टपरीवरचा माणूस लांबूनच ओरडायचा, "डायवर, आज काय?" आणि काका थांबून आजाराचं नाव सांगायचे. सोपं नाव नाही, आमच्या पुस्तकातलं. ते उच्चारताना त्यांना कोण आनंद व्हायचा! एकदा सरळगावहून येताना भरलेल्या बसमध्ये कुणी तरी त्यांना बसायला जागा दिली. काका बसले. घरी आल्यावर आम्ही म्हणालो, काका, हे बरं नाही, खऱ्या माणसाची जागा गेली. ते विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये आजार बंद. "बसमदी मी ठणठणीत," त्यांनी जाहीर केलं, आणि ते नियम मोडणारे नव्हते.

पाठीचा प्रसंग तर अजून मुरबाडात सांगतात. आम्हाला पाठीचे स्नायू पाठ करायचे होते. आकृती डोक्यात बसेना. काकांनी बनियन काढलं आणि पाठ केली आमच्याकडे. "काढा हिच्यावर." आम्ही मार्कर घेऊन खांद्यापासून कमरेपर्यंत एकेक स्नायू रेखाटला, कडा निळ्या, नावं लाल. काम मोठं झकास झालं. फक्त तो मार्कर पाण्याने जाणारा नव्हता. काकींनी वजरी घासून बघितली, राखेने बघितलं, शेवटी हात टेकले. आणि तिसऱ्या दिवशी काकांच्या पुतण्याची हळद होती. हळदीत बाप्या माणसांना उघडं बसवून हळद फासतात, हे आमच्या लक्षातच नव्हतं. वैशाखऱ्याच्या मांडवात काकांनी सदरा काढला मात्र, फासणाऱ्या बायकांचे हात हळदीतच राहिले. लाल अक्षरात पाठभर लॅटिन. एका म्हातारीने हात जोडून काकींना हळूच विचारलं, "कोनच्या भगताकडं नेलं हुतं गो ह्यास्नी?" काकींनी शांतपणे उत्तर दिलं, "घरातच हायेत दोन."

आमच्या कॉलेजात सहामाही तपासणी परीक्षा असायची. त्यात खरा पेशंट न घेता कुणाला तरी पेशंट म्हणून बसवायचे आणि मुलींनी त्याला तपासून निदान सांगायचं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना अशी माणसं हवी असायची. मी काकांचं नाव दिलं. काका इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून आले. मॅडमनी त्यांना कागदावर भूमिका दिली: साधी गुडघेदुखी, जिना चढताना वाढते, बाकी काही नाही.

काकांचा चेहरा पडला. "येवढंच?"

"एवढंच काका. जास्त काही करू नका."

नेमकी माझीच पाळी त्यांच्यासमोर आली. मी विचारलं, कुठे दुखतं? काकांनी गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि घाटातल्या एका धुक्याच्या सकाळपासून सुरुवात केली. गुडघ्यातून कळ मांडीत गेली, मांडीतून कमरेत, कमरेतून मानेत. हाताला मुंग्या आल्या. एक क्षण दिसेनासं झालं. मी गुडघा नुसता वाकवला तर ते असे ओरडले की शेजारच्या खोलीतली मुलगी डोकावून गेली. मॅडम कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या. काकांना सांभाळायचं, का खरं सांगायचं? शेवटी मी हाताखाली जे लागलं ते सांगितलं. "मॅडम, गुडघ्यात थोडा त्रास आहे. बाकी जे पेशंट सांगतायत ते तपासणीत कुठेच सापडत नाही. पेशंट दुखणं वाढवून सांगतोय."

मॅडमनी मला भरभरून मार्क दिले. काका मात्र दुखावले. परतीच्या रस्त्यावर ते माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालले. घरी आल्यावर काकींना म्हणाले, "पोरीनं मला भर परीक्षेत खोटा पाडला." आठवडाभर ओट्यावर आले नाहीत. मग एक दिवस टपरीवरून मी जात होते तर आवाज आला, "ती बघा. माझ्यामुलं पास झाली." रुसवा संपला होता.

आमच्या शेवटच्या वर्षात एका सकाळी ते झालं.

सायली आणि मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होतो. काका मागच्या मोरीपाशी दात घासत होते. ते वळले तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, पेस्टचा फेस ओठाच्या कोपऱ्यातून गळत होता आणि उजवा हात अंगाला लोंबत होता. सायलीने टाळ्या वाजवल्या. "काका, एक नंबर! आज सकाळीच?" मीही हसले. इतका अचूक लकवा त्यांना याआधी कधी जमला नव्हता.

काकी चुलीपाशी होत्या. त्यांनी मान वर केली आणि हातातली भाकरी तशीच परातीत टाकली. "पोरींनो, हे नाटक नाय."

त्यांना कसं कळलं, ते मी खूप नंतर विचारलं. काकी म्हणाल्या, "नाटक करताना कोन हसतंय का, त्याकडं ह्यांचा डोळा असतो. त्या दिवशी ते कुनाकडंच बघत नव्हते."

मी धावले. दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा वर गेला, उजवा गेलाच नाही. नाव विचारलं तर घशातून नुसता ओला आवाज आला. एवढी वर्षं आम्ही त्यांच्या अंगावर जे शिकलो होतो ते सगळं एका क्षणात खरं झालं. मी काकींना एकच विचारलं, "काका शेवटचं नीट कधी बोलले?" "आत्ताच की गो. पानी तापलं का इचारलं." म्हणजे वेळ हातात होती. डोक्यातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, नंतर नाही. शेजाऱ्याची गाडी काढली. सायलीने मॅडमना फोन लावला, मॅडमनी कल्याणच्या एका हॉस्पिटलला कळवून ठेवलं, आणि आम्ही थेट निघालो.

काका कुणाच्याही गाडीत बसले की पाय शांत राहायचे नाहीत. समोर म्हैस आली, वळण आलं, की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, आणि गाडी चालवणारा वैतागायचा. त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसले होते आणि सारखी तो पाय बघत होते. म्हशी आल्या, वळणं आली. पाय हलला नाही. मला त्या रस्त्यातलं दुसरं काही आठवत नाही.

इंजेक्शन वेळेत मिळालं. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा संध्याकाळपर्यंत पोचला तेव्हा काका डोळे उघडून पडले होते. जीव वाचला. पायात थोडी ताकद उरली होती, हातात त्याहून कमी, आणि बोलणं जड, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, आता खरं काम फिजिओथेरपीचं. ते वाक्य मी चार वर्षं पुस्तकात वाचत होते.

आणि काकांइतका वाईट पेशंट मी अजून बघितलेला नाही.

घरी आणल्यावर त्यांनी खाट आतल्या खोलीत लावून घेतली, खिडकी बंद. कुणी भेटायला आलं की डोळे मिटायचे. मॅडम स्वतः येऊन तपासून गेल्या, व्यायाम ठरवून दिले आणि म्हणाल्या, "रोजचं तू बघ, मी दर आठवड्याला येते." मी रोज संध्याकाळी जायचे. हात चोळून गरम करायचे, मग म्हणायचे, "काका, खांदा." काका भिंतीकडे तोंड करायचे. सगळ्या बाजारात खोटे आजार मिरवलेल्या या माणसाला खरा आजार कुणाला दाखवायचा नव्हता. अंगणात तर नाहीच.

"येवढे दिवस लंगडत गावभर फिरले," काकी मला म्हणाल्या, "आणि आता खरं आलं तर नवरीवानी तोंड लपवतात." त्या हसल्या, पण पदर डोळ्याला लावून.

मला राग येत होता आणि भीतीही वाटत होती. पहिले काही महिने गेले की हातात ताकद परत येणं अवघड होत जातं, हे मला माहीत होतं. ते पडून राहिले होते त्यातला एकेक दिवस मला खर्च होताना दिसत होता. समजावून झालं, विनवून झालं. मुलाचं फोनवर रागावून झालं. एका संध्याकाळी सायली म्हणाली, "आपण काय करतो? पेशंट नसला की काय करायचो? कुणाला तरी पेशंट बनवायचो ना?"

आम्ही त्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि समोरच्या मोकळ्या जागेत मी लकवा झालेल्या माणसासारखी चालायला लागले. सायली तपासणारी. मी हात छातीशी धरला, तोंड वाकडं केलं, पाय ओढला. मला अभिनय अजिबात येत नाही. सायली विचारत होती, "आजोबा, कधीपासून?" आणि मी काहीतरी ओ ओ करत होते. खाटेवर हालचाल झाली नाही. मी दुसरी फेरी मारली. या वेळी चुकून दुसराच पाय ओढला.

"च... चु..."

आम्ही थांबलो.

"चुकलं," काका म्हणाले.

"काय चुकलं?" सायलीने विचारलं.

काकांच्या कपाळावर आठी होती. ते डाव्या हाताने खाटेची कड पकडून उठून बसले. आजारी पडल्यापासून स्वतःहून पहिल्यांदा. "पाय... वढत नाय," ते म्हणाले. एकेक शब्दाला घाम फुटत होता. "घेरा... घेतो. असा."

आणि ते दाखवायला उभे राहिले. मी डावीकडून, सायलीने उजवीकडून धरलं. काकांनी उजवा पाय कमरेतून बाहेर फेकून अर्धवर्तुळात पुढे आणला. एक पाऊल. मग दुसरं. दाराशी काकी येऊन उभ्या होत्या. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. आता... कर."

मी केलं. त्यांनी मान हलवली. भिकार, असा त्याचा अर्थ होता.

त्यानंतर व्यायामाला व्यायाम म्हणायचं नाही असं ठरलं. तालीम म्हणायचं. लकव्याचं काम तर आता त्यांना येत होतं. मी त्यांना नवीन भूमिका दिली, चांगल्या माणसाची. चांगला माणूस पेला कसा उचलतो? खांदा वर न चढवता. चांगला माणूस खुर्चीतून कसा उठतो? दोन्ही पायांवर भार देऊन. काका चिडायचे, दमायचे, कधी रडायचेही. लकवा झालेल्या माणसाला रडू लवकर येतं, तो आजाराचाच भाग असतो, हे मी त्यांना समजावलं तर म्हणाले, "आधी... सांगायचं हुतं. मी कधी... रडलोच नाय त्यात." म्हणजे आपल्या जुन्या अभिनयात एवढी गोष्ट राहून गेली, याची हळहळ! शिराळ्याच्या वेलाखाली, अंगणात, रोज संध्याकाळी तालीम चालायची. बाहेर यायला लागले होते ते.

पाऊस सरून भात कापणीला आलं, तेव्हा ते काठी घेऊन पहिल्यांदा नाक्यापर्यंत आले. मी सोबत होते. टपरीवाला गावाला जाऊन बऱ्याच दिवसांनी आला होता; त्याला काही माहीत नव्हतं. लांबून बघून तो ओरडला, "आयला, डायवर! आज लकवा काय? लय भारी जमलाय!" बाकावरची दोन माणसं हसली. ज्यांना माहीत होतं त्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता हे परत खोलीत जाऊन खिडकी लावणार.

काका थांबले. दम घेतला. "खरा हाय," ते म्हणाले.

टपरीवाला खुर्ची घेऊन धावत आला. काकांनी डाव्या हाताने खुर्ची बाजूला सारली. "बसतो मंग. आधी... चाल बघ." आणि सगळ्या टपरीसमोर ते वळले, पलीकडच्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टपरीवाल्याने चहा दिला तो मात्र अर्धा पेला, सांडू नये म्हणून. काकांनी तो परत केला आणि पूर्ण भरून मागितला. तो उजव्या हाताने उचलला. थोडा सदऱ्यावर सांडला, बाकीचा प्यायले.

पुढे माझी परीक्षा झाली, इंटर्नशिप सुरू झाली. कॉलेजच्या गाडीतून आम्ही गावोगाव तपासणीला जायचो. डोळखांबच्या बाजूला जायचं ठरलं तेव्हा काका म्हणाले, मी येतो. बोलणं एव्हाना बरंच सुटलं होतं. मॅडम म्हणाल्या, "येऊ दे. बसतील झाडाखाली."

आमच्याच पाड्याच्या पुढच्या पाड्यात एक म्हातारी होती. लकव्याने डावी बाजू गेलेली. पाय तसा बरा होता, आधाराने चालता आलं असतं, पण ती घराच्या कोपऱ्यातून उठत नव्हती. मी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा तिने मला "तू कोनाची गो?" विचारलं, बाबांचं नाव सांगितल्यावर आमच्या घरातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि व्यायामाचं नाव काढताच पाठ फिरवली. सून म्हणाली, "कुनाचं ऐकत नाय. मरनाची वाट बघते, बोलते."

त्या दिवशी काका काठी टेकत दाराशी गेले. "आजी, येऊ का? पानी मिळंल?"

पाहुणा दाराशी येऊन पाणी मागतो म्हटल्यावर म्हातारी सावरून बसली. सून नेमकी विहिरीवर गेली होती. मी आत जायला लागले तर काकांनी मला काठीनेच थांबवलं. म्हातारीशेजारी तांब्या आणि पेला होता. तिने उजव्या हाताने पेला धरला. तांब्या उचलायला दुसरा हात नव्हता. काकांनी डाव्या हाताने तांब्या उचलला आणि तिच्या पेल्यात ओतला. थोडं पाणी जमिनीवर गेलं. म्हातारीने त्यांच्या आखडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे.

"तुमचा उजवा काय?" ती म्हणाली.

"व्हय. तुमचा डावा."

"कधीशी?"

"झाला की आता. सकालचे दात घाशीत हुतो."

"मी नाचणी निवडीत हुते," म्हातारी म्हणाली.

मग दोघांचं सुरू झालं. पहिल्यांदा काय वाटलं, बोलता येईना तेव्हा कसा जीव घुसमटला, जेवताना घास गालात कसा राहतो, आणि घरातली माणसं आपल्यासमोरच आपल्याबद्दल कशी बोलतात, जसं काय आपण बहिरे झालोय. म्हातारी एकदा हसलीसुद्धा, अर्ध्या तोंडाने. मी बाहेर उंबऱ्याशी उभी होते. जे मला त्या कोपऱ्यातून कधीच ऐकू आलं नव्हतं ते सगळं ती या परक्या माणसाला सांगत होती.

निघताना काका उभे राहिले. "येतो आजी. गाडी लांब हाय." आणि दाराशी येऊन थबकले. "कुठं लावली गो गाडी? मी इसरलो."

गाडी पाड्याच्या टोकाला चिंचेखाली होती. ती त्यांनी स्वतः तिथे लावायला सांगितली होती, सावली असते म्हणून.

"चिंचंखाली आसंल," आतून म्हातारी म्हणाली. "सगळे तिथंच लावतात."

"चिंच कंची? इथं झाडंच झाडं."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. भिंतीचा आधार घेत म्हातारी उठली होती. मी तिला धरायला पुढे झाले. तिने मला दंड धरू दिला. उंबरा ओलांडला. अंगणात आली, उन्हाने डोळे मिचकावले, आणि काका उलट्याच वाटेला लागलेले बघून तिने उजवा हात जोरात हलवला.

"आवो, तिकडं नाय! तिकडं वढा हाय," ती ओरडली. "थांबा, मी येते. नायतर पडाल कुठंतरी."